न दिसणारे दुखणे



जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची पश्चिम बाजू डोंगराची व भातशेतीची, तर पूर्व बाजू ऊस, कांदा व टोमॅटोच्या बागायतीची आहे. दोन्हीकडे अंगमेहनत चुकत नाही. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्या स्त्रीची कंबर दुखली, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. असे दुखणे शेकल्याने आणि विश्रांतीने बहुधा ओसरते. परंतु काही दुखणी निराळी असतात. मार लागलेला नसतो, सूज नसते, जखम नसते. तरीही तळपायांची आग होते, हाताला मुंग्या येतात, विजेचा झटका बसावा तशी चमक निघते, आणि रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. घरची माणसे पाहतात तो काहीच दिसत नाही. मग कोणी त्याला वात म्हणतो, कोणी सोंग. या दुसऱ्या शब्दाने पुष्कळ रुग्णांचे, विशेषतः घरातील सुनांचे, तोंड बंद झालेले आहे.

हे दुखणे मज्जातंतूंचे असू शकते. विहिरीवरील मोटारीच्या तारेचे वेष्टन खरवडले गेले, म्हणजे मोटार चांगली असूनही बिघाड होतो; तसाच हा प्रकार आहे. हातपाय धड असतात, पण तेथील निरोप मेंदूकडे नेणारी तार दुखावलेली असते. म्हणूनच जेथे दुखते तेथेच दोष असतो, असे नाही. कमरेच्या मणक्यापाशी दबलेला तंतू पोटरीत ठणकतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूची कळ दाढेत उमटते आणि निरोगी दाढ विनाकारण काढली जाते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा अशा दुखण्यावर फारसा गुण येत नाही. त्या महिनोन्‌महिने घेत राहिल्यास मूत्रपिंडाला मात्र अपाय होऊ शकतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर केला पाहिजे, असे त्यासोबतच्या टिपणात स्पष्ट नमूद केले आहे. सासरच्या मंडळींनीही हे ऐकण्यासारखे आहे.

कारणे अनेक आहेत. मधुमेह हे त्यांतील फार मोठे कारण होय. कित्येकांना पायांची आग होऊ लागल्यावरच आपणांस साखरेचा विकार असल्याचे कळते. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव आणि मद्याचे व्यसन यांनीही मज्जातंतू झिजतात.

नागिणीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. नागिणीचे तोंड व शेपूट कमरेभोवती एकमेकांस मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. वस्तुतः कांजिण्यांचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि पुढे एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने वर येतो. हे तंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतात. म्हणून पुरळ बहुधा एकाच बाजूला उठते. पुरळाआधीच त्या जागी आग होऊ लागते. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू झाल्यास उत्तम. गेरू लावून आठवडा घालविला, तर ती संधी जाते. फोड वाळल्यानंतरही, विशेषतः वृद्धांना, महिनोन्‌महिने वेदना राहू शकते.

कुष्ठरोगाचे नाव काढताच लोक आजही गप्प होतात. हा रोग मुख्यतः त्वचा आणि मज्जातंतू यांचा आहे. अंगावर फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसणे ही त्याची ओळखीची खूण. तथापि चट्टा नसतानाही केवळ तंतूच बाधित झाल्याची उदाहरणे भारतात आढळतात. कोपराच्या आतील बाजूची नस जाड होते, दुखते, करंगळी बधिर होते आणि पुढे बोटे वाकडी होतात. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तो शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि त्याने रोग बरा होतो. मात्र उपचार चालू असताना, किंवा ते संपल्यावरही, नस एकाएकी ठणकू लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी देण्याचे औषध निराळे असते. तंतूची हानी सहा महिन्यांहून जुनी झाली, तर गेलेली शक्ती परत येण्याची आशा फार कमी उरते. शेतकऱ्याच्या बाबतीत ती शक्ती म्हणजे विळा धरण्याची शक्ती होय.

काही लक्षणांत एक दिवसाचाही विलंब चालत नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशयितांची संख्या पुढे दोनशेवर गेली. या विकारात पुष्कळदा आधी जुलाब होतात, मग हातापायांना मुंग्या येतात, पाठ दुखते आणि पायांतील बळ वरवर जात नाहीसे होते. श्वासाचे स्नायू दुबळे पडले तर जिवावर बेतते. त्याचप्रमाणे कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा मांड्यांमधील भाग बधिर झाला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती विनामूल्य आहे.

एरवी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पुढे जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालये आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. अधिक तपासणीची गरज भासल्यास पुण्याचे ससून रुग्णालय आहे. आहुपे किंवा नाणेघाटाकडील वाड्यांतून खाली येण्यात अख्खी मजुरी बुडते, हे खरे. म्हणूनच एका खेपेत डॉक्टरांना सर्व काही कळेल, अशी तयारी करून निघावे. दुखणे केव्हा सुरू झाले, आग होते की चमक निघते, रात्री वाढते का, कोणते बोट बधिर आहे, हे घरीच आठवून ठेवावे. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि गावच्या वैदूने दिलेली पुडीही सोबत न्यावी. औषध सुरू झाल्यावर त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. ते चौथ्या दिवशी स्वतःहून बंद करू नये, आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये.