मशीन बंद न करता कर्नल दुरुस्त करायचा कसा?

आजचा विषय सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या झोपेशी संबंधित आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत सर्व्हर बघायचो. लिनक्सच्या कर्नलमध्ये सुरक्षेची मोठी चूक सापडली, दुरुस्तीही आली. पण रीस्टार्ट म्हणजे डेटाबेस बंद. साहेब म्हणाले, "महिनाअखेर आहे, पुढच्या रविवारी बघू." ते अकरा दिवस मी रोज लॉग चाळत काढले. काही बिघडलं नाही, पण ते नशीब हो!

प्रत्येकाचं नशीब तसं नसतं. एमआयटीत शिकणाऱ्या जेफ अर्नोल्डनेही लोकांची गैरसोय नको म्हणून रीस्टार्ट पुढे ढकललं आणि तेवढ्यात सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलं. त्यातून त्याने 'केस्प्लाइस' बनवलं. 2011 मध्ये ओरॅकलने ते विकत घेतलं. 2014 मध्ये रेड हॅटचं 'केपॅच' आणि सुसेचं 'केग्राफ्ट' आलं, आणि या दोघांना लागणारा समान पाया 2015 मध्ये लिनक्स 4.0 मध्येच आला.

हे चालतं कसं? रस्ता खोदलेला असला की नाक्यावर 'पर्यायी मार्ग' असा बोर्ड लावतात ना, तसंच. फंक्शनच्या सुरुवातीला थोडी मोकळी जागा आधीच राखलेली असते. तिथून कर्नल वाट वळवतो. जुनं फंक्शन जागेवरच राहतं, पण काम नवीन करतं.

मग जे आधीच बोर्डाच्या पुढे गेलेत, त्यांचं काय? कर्नल प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक तपासतो. ती जुन्या फंक्शनमध्ये अडकलेली नसेल, तरच तिला नव्या वाटेवर घेतो. एकेक करत सगळ्या सरकतात.

पण याला मर्यादा आहेत. फंक्शन बदलणं सोपं, डेटाची रचना बदलणं अवघड. मेमरीत जुन्या मापाचा डेटा आधीच भरलेला असतो. शिवाय ही दुरुस्ती फक्त मेमरीत असते. डिस्कवरचा कर्नल जुनाच राहिला आणि मशीन अचानक बंद पडून परत सुरू झालं, तर ती चूकही परत हजर!

म्हणून माझं सांगणं एवढंच: लाइव्ह पॅच आजच लावा, नवा कर्नलही इन्स्टॉल करून ठेवा, आणि रीस्टार्टची तारीख साहेबांकडून लेखी घ्या.

भेटू पुढच्या भागात!