शाळेच्या अंगणातील ठोकळ्यांचा वाफा



शाळेचे पटांगण मुरमाचे असले की तेथे परसबाग होणे नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. मुरमात कुदळ शिरत नाही हे खरे. काळ्या जमिनीच्या गावी अडचण वेगळी. तेथे पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. दोन्हींवर तोड एकच, ती म्हणजे माती जमिनीच्या वर उचलून घेणे. गादीवाफा शेतकऱ्याला नवा नाही. त्याला सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचा कठडा दिला, की माती पावसाने वाहून जात नाही. (कोकणात जांभ्याचे चिरे हाताशी असताना ठोकळे विकत आणण्याचे कारण नाही.)

वाफ्याचे माप मुलाच्या हातावरून ठरवावे. चार फूट रुंदीचा वाफा मोठ्या माणसाला सोयीचा. परंतु मुलाला मधली मेथी खुडण्यासाठी आत पाय ठेवावा लागतो आणि भुसभुशीत माती दबून जाते. मग शिक्षक मुलांना वाफ्यापासून दूर ठेवू लागतात, आणि बाग केवळ पाहुण्यांना दाखविण्यापुरती उरते.

बाजारात मिळणारा ठोकळा साधारणतः १६ इंच लांब, ८ इंच रुंद व ८ इंच उंच असतो. पहिल्या थरात लांब बाजूंना ७-७ ठोकळे लावून त्यांच्या टोकांमध्ये आखूड बाजूंना २-२ बसवावेत. दुसऱ्या थरात क्रम उलटावा : आखूड बाजूंना ३-३ आणि त्यांच्यामध्ये लांब बाजूंना ६-६. प्रत्येक थरास १८ ठोकळे लागतात, सांधे आपोआप मोडतात आणि एकही ठोकळा फोडावा लागत नाही. आतील जागा ८ फूट लांब व २ फूट ८ इंच रुंद मिळते. कठड्याची जाडी धरून मध्यापर्यंत २ फूट अंतर होते; तिसरीतील मूल किंचित वाकून तेथवर पोहोचते. काटकोन तपासण्यासाठी दोरीने दोन्ही कर्ण मोजावेत. वाफ्यात किती घनफूट माती मावेल, हे वरच्या वर्गाने काढावे. उत्तर सुमारे २८ येते.

चुन्यासिमेंटाशिवाय रचलेल्या कठड्यावर तिसरा थर चढवू नये. मुले त्यावर बसणारच. ठोकळ्याचे वजन १५ किलोंच्या आसपास किंवा अधिक असते. ते उचलण्याचे काम मुलांना मुळीच देऊ नये. पालकांनी ते करावे. ठोकळ्यांची भोके उघडी ठेवल्यास त्यांत विंचू घर करतो. म्हणून खाली मुरूम व वर माती ठासून त्यांत झेंडू किंवा कोथिंबीर लावावी.

तळाची जमीन टिकावाने उकरून त्यावर पालापाचोळा पसरावा. वर दोन भाग माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत घालावे. पहिल्या पावसात माती खाली बसते, तेव्हा पुन्हा भर द्यावी. नव्या सिमेंटातील चुना कडेच्या मातीत उतरतो. यासाठी ठोकळे आधी काही दिवस भिजवून धुवावेत आणि कडेला पालक लावावा, तो हे सोसतो.

उंच वाफा लवकर सुकतो. हात धुण्याच्या जागेचे पाणी तिकडे वळविता आल्यास फार बरे. मे महिन्यात मात्र शाळा बंद असते. सुटीत पाणी घालणारे शेजारचे घर एप्रिलमध्येच ठरवून ठेवावे.