निर्वातातील ठिणगी

वणा नदीकाठचे हिंगणघाट कापसाच्या बाजारपेठेसाठी आणि गिरण्यांसाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. हंगामात जिनिंग-प्रेसिंगच्या मोटारी दिवसातून अनेकदा चालू-बंद होतात. अशा कारखान्यांना व कृषिपंपांना वीज पोहोचविणाऱ्या ११ व ३३ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर पूर्वी तेलाचे ब्रेकर असत. पुढे त्यांची जागा निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकरने घेतली. त्यांच्या निर्वात नळ्या आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगर येथेही तयार होतात.

नळीत हवाच नाही, मग ठिणगी कशाच्या आधाराने टिकते? धातूच्याच! दोन संपर्क विलग होताना अखेरचा स्पर्शबिंदू वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून प्रवाह वाहत राहतो. पुढे ही वाफ ऋणाग्रावरील लखलखीत, सूक्ष्म ठिपके पुरवितात. तांब्यावरील एक ठिपका साधारणपणे शंभर अँपिअरचा भार पेलतो. प्रवाह वाढला की तो दुभंगतो. समांतर प्रवाह एकमेकांना ओढतात, असे शाळेत शिकविले जाते. हे ठिपके मात्र एकमेकांपासून दूर पळतात. चुंबकीय क्षेत्रातील त्यांची ही उलटी चाल जर्मन शास्त्रज्ञ योहानेस श्टार्क यांनी १९०३ मध्ये नोंदविली. तिचा सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे. विज्ञानात सारे सुटलेले आहे, हा समज त्याने दूर होईल.

या पळापळीमुळे संपर्काचा पृष्ठभाग एकाच जागी जळत नाही. आपला वीजप्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी ठिपके विझतात, वाफ गोठते आणि अवघ्या सेंटिमीटरभर अंतरात हजारो व्होल्टचा दाब अडविला जातो. पेट घेण्यास तेल नसतेच.

मात्र प्रवाह थोडा असला, तर शेवटचा ठिपका अस्थिर होऊन शून्यापूर्वीच विझतो. नुकत्याच सुरू केलेल्या मोटारीचा प्रवाह लगेच तोडला, तर वाइंडिंगमध्ये साठलेली ऊर्जा दाबाची उसळी बनून तिच्याच इन्सुलेशनवर आदळू शकते. तांबे-क्रोमियमच्या संपर्कांमुळे हा अकाली खंड काही अँपिअरवर आला आहे. तरीही उच्चदाबाच्या मोटारीपाशी सर्ज अरेस्टर बसविणे हिताचे. नव्या मोटारीच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

दुसरी बाब लाईनमनच्या जिवाची. बंद नळीतील निर्वात नाहीसा झाला, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ब्रेकर उघडल्याचा आवाज ऐकून कोणी तारेला हात लावावयाचा नसतो. डोळ्यांना दिसेल असा आयसोलेटर उघडून, तार मृत असल्याची चाचणी घेऊन व ती भूसंपर्कित करूनच खांबावर चढावे लागते. वादळानंतर अंधारात खोळंबलेल्या गावाला जो उशीर वाटतो, त्यात या कामाचाही वेळ असतो.