थेंब पडतो तेथे गळती नसते

(तांत्रिक शाखेचे विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. उभे आयुष्य डिझेल इंजिनांखाली पाठ टेकून गेले. तेव्हा आज तुम्हांला यशाचा मार्ग वगैरे सांगावा, अशी माझी योग्यता नाही. मला जे येते तेच सांगतो. डिझेलचा पंप गळू लागला तर गळती कशी शोधावी, हा आजचा विषय. विषय लहान आहे. पण या लहान विषयाने मला एकदा फार मोठा धडा दिला. पंपाबरोबर तोही सांगणार आहे.

सन १९९८ ची गोष्ट. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो व रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. माझ्या मामूंचा एक जुना पिकअप होता. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फात भरलेली मासळी घ्यायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. गाडी सपाटीवर ठीक चाले, पण घाटात दम टाकी. मामूंनी उस्तादांना विचारले. उस्ताद म्हणाले, "आधी हवेचा फिल्टर बघू, डिझेलचा फिल्टर बघू, टॅपेट आणि नोझल बघू. पंपाला शेवटी हात लावायचा."

मला एवढा धीर नव्हता. एका रविवारी गॅरेज बंद असताना मी पंपावरची सीलची तार सोडवली आणि डिझेल वाढवायचा स्क्रू अर्धा फेरा आत दिला. तार पुन्हा तशीच गुंडाळून ठेवली. गाडीने काळा धूर काढला, पण घाट चढली. मामू खूष झाले. त्यांनी माझ्या हातावर ५० रुपये ठेवले आणि मला वाटले, आपण कारागीर झालो.

आठ दिवसांनी पंपाखाली डिझेलचे थेंब पडू लागले. सकाळी गाडी चालू व्हायला वेळ घेऊ लागली.

पुढचे सांगण्यापूर्वी पंपाची थोडी ओळख करून देतो, म्हणजे विद्यार्थ्यांना नीट समजेल. तो रोटरी पंप होता. अशा पंपात एकच प्लंजर असतो. तो फिरतो आणि पुढे-मागेही होतो, आणि एकेका नळीतून चारही नोझलांना पाळीपाळीने डिझेल पाठवतो. पंपाचे सगळे पोट डिझेलने भरलेले असते. तेच डिझेल आतल्या भागांना वंगण देते आणि थंड ठेवते. इंजिन चालू असताना पोटातला हा दाब वेगाप्रमाणे साधारण ३ ते ८ बारपर्यंत असतो. म्हणजे पंप हा दाबाखालचा बंद डबा आहे, असे समजा. या डब्यातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक दांडीला, स्क्रूला आणि झाकणाला रबराची ओ-रिंग किंवा सील लागते. जेथे रबर आहे, तेथे एक ना एक दिवस गळती आहे.

मी फिरवलेला स्क्रू पंपाच्या वरच्या झाकणातून मागच्या बाजूने आत जातो. तो आत गेला की आतली पट्टी सरकते व पूर्ण भारावर जास्त डिझेल जाते. या स्क्रूला एक ओ-रिंग असते आणि वरून लॉकनट. आता विचार करा. ती रिंग कित्येक वर्षे एकाच जागी बसून कडक झालेली. बाहेरच्या आट्यांवर माती व रंग चिकटलेला. मी पाना लावून तो स्क्रू फिरवला, तेव्हा ती घाण कडक रबरावरून घासत आत गेली. रिंग त्याच दिवशी कापली गेली असणार. स्वतः ट्यूनिंग केल्यावर पंप गळू लागतो, त्याचे हे सर्वांत साधे कारण. लोक म्हणतात, "डिझेल वाढवले म्हणून पंप फुटला." पंप फुटत नाही. आपण जेथे हात लावला, तेथले जुने रबर दुखावते.

आता पुन्हा गॅरेजमध्ये चलू या. उस्तादांनी खाली वाकून पाहिले. पंपाच्या मागच्या टोकाला, जेथून नोझलच्या नळ्या निघतात त्या हेडखाली, सगळे ओले होते. त्यांनी मला विचारले, "पंपाला कोणी हात लावला होता का?"

मी म्हणालो, "नाही, उस्ताद."

मित्रहो, या दोन शब्दांची किंमत पुढे ऐका. पंपाला कोणी हात लावलेला नाही, पंप जुना आहे आणि हेडखाली ओल आहे, असे धरून उस्तादांनी निदान केले की हेडची ओ-रिंग गेली. त्यांना मिळालेली माहिती खरी असती तर ते निदानही बरोबर ठरले असते. पंप उतरवला, टायमिंगच्या खुणा केल्या, टेबलावर हेड उघडले. हे काम नाजूक असते. आतले स्प्रिंग आणि चकत्या इकडच्या तिकडे झाल्या तर पंप कामातून जातो. नवी रिंग घातली, पंप बसवला, हवा काढली. यात पावणेदोन दिवस गेले. मामूंनी दोन दिवस भाड्याची गाडी केली. दुसऱ्या दिवशी ती गाडी उशिरा आली, बर्फ वितळला आणि मासळी पडत्या भावाने विकावी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पंपाखाली पुन्हा थेंब होता, त्याच जागी.

उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी पंप ब्रशने धुतला, हवा मारून कोरडा केला, आणि शाळेतला खडू कुटून त्याची पूड झाकणापासून हेडपर्यंत भुरभुरली. इंजिन चालू केले आणि बॅटरी घेऊन पाहत राहिले. पांढऱ्या पुडीवर पहिला काळा डाग कोठे उमटला? खाली हेडपाशी नव्हे. वर, स्क्रूच्या लॉकनटभोवती. तेथून ओघळ झाकणावरून उतरत हेडखाली गेला आणि तेथून थेंब पडला. पाणी उताराने जाते तसेच डिझेलही जाते. थेंब पडतो तेथे गळती नसते. सर्वांत वरची ओली जागा असते, तेथे गळती असते.

मग त्यांनी नटाकडे बॅटरी धरली. नटाच्या कडांवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. ते हळूच म्हणाले, "पोरा, हा नट कोणी सोडवला?"

मी सगळे कबूल केले. माझी मान वर होत नव्हती. उस्ताद म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर पंधरा मिनिटांचं काम होतं. मीही चुकलो. तुझ्या शब्दावर विसंबलो आणि खडूची पूड आधी नाही मारली." एवढे बोलून त्यांनी मला शेजारी बसवले आणि त्या स्क्रूची रिंग माझ्याच हाताने बदलून घेतली. पण दुखणे तेवढ्यावर थांबले नाही. स्क्रू मुळात किती आत होता, हे मी फिरवण्यापूर्वी मोजलेच नव्हते. म्हणून पंप पुन्हा उतरवून कॅलिब्रेशनसाठी पाठवावा लागला. तो खर्च उस्तादांनी माझ्या पगारातून थोडा थोडा कापला, आणि ते योग्यच होते. मामूंची मासळी मात्र मी कधीच भरून देऊ शकलो नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी कामाच्या गोष्टी क्रमाने सांगतो. लिहून घ्या.

पहिली गोष्ट, शेवटी कोणी कशाला हात लावला हे विचारा. बिघाड ट्यूनिंगनंतर सुरू झाला असेल तर हात लावलेली जागा आधी तपासा.

दुसरी, धुवा, कोरडे करा, पूड मारा आणि वरून खाली पहा. इंजिन बंद, चालू आणि थोडा वेग वाढवून, असे तिन्ही वेळा पहा. वरच्या बाजूला गळती असेल तर गाडी रात्रभर उभी असताना तेथूनच हवा आत शिरते, पंपातले डिझेल टाकीकडे उतरते, आणि सकाळी स्टार्टर फार वेळ मारावा लागतो. मामूंच्या गाडीने ही खूण आम्हांला पहिल्याच दिवशी दिली होती.

तिसरी, गळतीच्या ठरावीक जागा लक्षात ठेवा. वरच्या झाकणाचे पॅकिंग, अॅक्सिलरेटरच्या दांडीची ओ-रिंग, डिझेलचा स्क्रू, मागचे हेड, नळ्यांच्या जोडावरची तांब्याची वॉशर आणि पुढच्या शाफ्टचे सील. यांत पुढचे सील सर्वांत फसवे. पंप गिअरवर चालत असेल तर तेथले डिझेल बाहेर न दिसता इंजिनच्या ऑईलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑईल वाढलेले दिसले, त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी चालवू नका. ऑईल पातळ झाले की बेअरिंग जातात.

चौथी, झाकण उघडले असेल तर बँजो बोल्ट अदलाबदल करू नका. आत येणारा आणि परत जाणारा, दोन्ही बोल्ट दिसायला सारखे असतात. पण परतीच्या बोल्टाला बारीक छिद्र असते आणि त्यावर बहुधा 'आऊट' कोरलेले असते. तो बोल्ट चुकीच्या जागी गेला तर पंपाला डिझेल पुरत नाही, आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

पाचवी, गळती नट आवळून थांबत नाही. झाकण अॅल्युमिनियमचे असते. जोर केला की आटे जातात. साबण, एम-सील यांनी रात्र निघेल, महिना निघणार नाही. रिंग बदलताना डिझेल सोसणारी, चांगल्या प्रतीची रिंग घ्या. तेलही बदलत आले आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचे डिझेल मिळते. जुन्या तेलात वर्षानुवर्षे फुगून बसलेले रबर नव्या तेलात आकसू शकते. म्हणून जुना पंप कोणी हात न लावताही गळू लागतो. तेव्हा प्रत्येक वेळी पोरावर संशय घेऊ नये.

सहावी, आणि ही जिवाची आहे. पंपापासून नोझलपर्यंतच्या नळ्यांत शेकडो बारचा दाब असतो. आजच्या कॉमन रेल गाड्यांत तर एक ते दोन हजार बार. त्या नळीची बारीक गळती बोटाने कधीही चाचपू नका. ती धार कातडी भेदून आत जाते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस मरू लागते. अशा माणसाला घरी हळद लावून झोपवू नये. त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्यावे व डिझेल आत गेले आहे असे स्पष्ट सांगावे. तपासायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. तसेच गव्हर्नरच्या स्प्रिंगशी खेळू नका. जोडणी चुकली तर इंजिन पळत सुटते आणि चावी बंद करून थांबेलच असे नाही. त्या वेळी हवेची वाट जाड फळीने बंद करावी लागते, हाताने किंवा कपड्याने नव्हे.

आणि सातवी, काहीही फिरवण्यापूर्वी खूण करा, आटे मोजा, वहीत लिहा. ज्याला परत मागे येता येते, त्यानेच पुढे जावे.

मुलांनो, स्वतः करून पाहू नका असे मी म्हणत नाही. करून पाहिल्याशिवाय हात बसत नाही. पण केले ते सांगा. कारागिराला यंत्र खोटे सांगत नाही, माणूस सांगतो. आणि माणूस खोटे बोलला की यंत्राची खरी खूणही कारागीर चुकीची वाचतो.

पालकांना एकच विनंती करतो. मी उस्तादांशी खोटे का बोललो, याचा पुढे पुष्कळ विचार केला. ५० रुपयांचा मोह नव्हता. मला मार पडेल, गॅरेजमधून काढतील, घरी अब्बा काय म्हणतील, ही धास्ती होती. मुलाने काही मोडले आणि ते येऊन सांगितले, तर त्या घटकेला हात उगारू नका. नुकसान भरून घ्या, पगारातून कापा, पण सांगितल्याबद्दल शिक्षा करू नका. नाहीतर तो पुढच्या वेळी तार पुन्हा गुंडाळून ठेवील, आणि आपण सगळे खाली थेंबाकडे पाहत बसू.

आज माझ्या गॅरेजात चार मुले शिकतात. काम सुरू करण्यापूर्वी मी त्यांना रोज एकच प्रश्न विचारतो, "काल कशाला हात लावला?" त्यातला एक मुलगा परवा स्वतःहून म्हणाला, "उस्ताद, मी झाकणाचा एक स्क्रू जास्त आवळला, आटे गेले वाटतं." आम्ही पाच मिनिटांत तो स्क्रू काढला आणि नवे आटे पाडायला घेतले.