बालवर्गाचा खर्च आणि आपली भीड

(मंडळाच्या मरोळ येथील वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी कोणी विद्वान नव्हे. जुन्या मॅट्रिकपलीकडे माझी विद्या गेली नाही. तेवढ्या बळावर शिक्षकाची सनद मिळवून महापालिकेच्या प्राथमिक शाळेत मी ३५ वर्षे मुलांना बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच माझी पुंजी. परंतु गतवर्षी माझ्या घरी एक अनुभव आला. तो आपणांपुढे न मांडणे हे कर्तव्यास चुकण्यासारखे होईल असे वाटल्यावरून मी येथे उभा आहे. विषय लहान आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या शाळेचा आहे. पण आपल्यापैकी ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना तो लहान वाटणार नाही.

मरोळ हे मूळचे एक गाव. १९७३ साली जवळच सीप्झ उभे राहिले, औद्योगिक वसाहत वाढली, २०१४ साली मरोळ नाक्यावर मेट्रो आली आणि २०२४ साली तेथेच दुसऱ्या मेट्रोचेही स्थानक झाले. जागेच्या किमती चढल्या, आणि त्याबरोबर इमारतींच्या तळमजल्यांवर बालवर्गांच्या रंगीबेरंगी पाट्याही वाढल्या. त्यांपैकीच एका बालवर्गात, ज्याचे नाव मी घेणार नाही, माझ्या नातवास आम्ही घातले.

येथेच मला एक कबुली द्यावयाची आहे. ज्या महापालिकेच्या शाळेने मला ३५ वर्षे भाकर दिली, तिच्या बालवाडीत नातवास घालावे, असे आमच्या घरात कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही आले नाही.

प्रवेशापूर्वी वर्षाचे शुल्क ६०,००० रुपये असे सांगण्यात आले. माझ्या मुलाने महिन्याच्या पगारातून हिशेब बसविला व होकार दिला. मला जुनी खोड अशी, की खर्च झाला की तो वहीत टिपावयाचा. ती वही मी आज बरोबर आणली आहे. अर्जाचे ५०० रुपये. प्रवेश शुल्क १०,०००. हे त्या ६०,००० मध्ये धरलेले नाही, असे अर्ज भरल्यावर कळले. पुस्तके व खेळसाहित्य यांचा संच ६,५००, आणि तो शाळेतूनच घ्यावयाचा. गणवेशाचे दोन जोड, खेळाचा निराळा, बूट निराळे, मिळून ४,२००. ओळखपत्र व मोबाइलवरील सूचनांची सोय १,२००. सहल १,५००. स्नेहसंमेलन २,८००. वर्षाअखेर छायाचित्रे व पदवीदान २,३००. होय, पदवीदान! चार वर्षे पुरी न झालेल्या बालकास काळा झगा व चौकोनी टोपी घालून पदवी देण्यात आली. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या आजोबाच्या घरात नातू पदवीधर झाला, याचे कौतुक मी जरूर केले. याशिवाय आज पिवळा दिवस, उद्या फळांचा दिवस, परवा मित्रांच्या वाढदिवसाची भेट, कागदांची रिमे, ओल्या रुमालांचे डबे, अशा किरकोळ बाबींचे सुमारे ४,००० रुपये. ही बेरीज ३३,००० होते. परत मिळावयाची अनामत ५,००० मी यात धरलेली नाही. म्हणजे सांगितलेल्या शुल्कावर शेकडा ५५ रुपयांचा वाढावा! नोव्हेंबरात सूनबाईंनी आपली भिशी मोडली, ती कशासाठी, हे मला वहीची बेरीज केल्यावर समजले.

कोणी म्हणेल, गुरुजी, शाळा चालविणे फुकट होते काय? मुळीच नाही. मरोळसारख्या ठिकाणी जागेचे भाडे भारी आहे. लहान मुले सांभाळावयास दोन हात अधिक लागतात, आणि बालवर्गातील शिक्षिकांस पगार तुटपुंजा मिळतो हे मी जाणतो. त्यांस अधिक मिळावा असेच माझे मत आहे. संस्थेने वाजवी शुल्क घ्यावे, अगदी ९३,००० सुद्धा घ्यावे. पण ते आरंभी सांगावे. मग ज्यास पेलेल तो येईल, ज्यास पेलणार नाही तो दुसरी वाट धरील. आधी ६० सांगून मूल वर्गात रुळल्यावर ३३ मागणे, ही गोष्ट न्यायाची नव्हे. रुळलेले मूल तेथून काढणे आईबापांच्या जिवावर येते, आणि त्या मायेवरच ही मागणी उभी असते.

बालशिक्षणाचा इतिहास पाहिला तर ही स्थिती अधिकच खटकते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत निघाले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर हुंदडणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी ते होते. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांना पुढे असे दिसून आले, की शहरातील बालमंदिरे व त्यांची महागडी साधने गोरगरिबांच्या आवाक्याबाहेरची आहेत. म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने हीच त्यांची शिक्षणसाधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्यांचे कार्य चालले. आज पालघर जिल्ह्यात मोडणारी ही दोन्ही गावे आपल्या मरोळहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहेत. चिंचोक्यांनी जे अंकज्ञान होते ते ६,५०० रुपयांच्या संचावाचून होत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याचे काय, असेही आपण विचाराल. महाराष्ट्रात १९८७ साली कॅपिटेशन फीस मनाई करणारा कायदा झाला. खाजगी शाळांच्या शुल्काचे नियमन करणारा कायदा २०११ चा असून त्यात शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवण्याची तरतूद आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यान्वये प्रवेशाच्या वेळी जाहीर शुल्काखेरीज देणगी घेतल्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बालकाची वा पालकांची मुलाखत घेऊन निवड करण्यासही बंदी आहे. परंतु या शेवटच्या कायद्याचा मुख्य रोख ६ ते १४ वर्षांच्या मुलांवर आहे. तळमजल्यावरील स्वतंत्र बालवर्गापर्यंत त्याचा हात सहजी पोचत नाही. शिवाय कायदा कितीही चांगला असला तरी तो विचारणाऱ्याच्या मागे उभा राहतो. न विचारणाऱ्याच्या मागे तो कसा उभा राहणार?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. स्नेहसंमेलनापूर्वी पालकांची सभा झाली. मुलगा व सून कामावर असल्याने मी गेलो होतो. पोशाखाचे व रंगमंचाचे म्हणून २,८०० रुपये भरावेत, अशी सूचना झाली. तेव्हा मागच्या रांगेतून एक तरुण उठला. अंगावर रिक्षाचालकाचा खाकी सदरा होता. तो नम्रपणे म्हणाला, “बाई, हे पैसे फीमध्ये नव्हते का? आम्हांला प्रवेशाच्या वेळी कोणी बोललं नाही.” संचालिकाबाईंनी स्मित केले व उत्तर दिले, “ज्यांना परवडत नाही, त्यांनी आधी विचार करायला हवा होता.”

सभागृहात चाळीसएक पालक होते. कोणी बोलले नाही. त्यांत आपल्या ज्ञातीची तीन कुटुंबे होती. आणि ३५ वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविणारा एक मास्तर होता. त्याच्या खिशात २,८०० रुपये मोजून ठेवलेले होते, आणि त्याने मान खाली घातली. सभा सुटल्यावर जिन्यात प्रत्येकजण हळूच म्हणाला, “तो माणूस बोलला ते बरोबर होते.” मीही म्हणालो. तो तरुण तोवर निघून गेला होता.

तो आपल्या ज्ञातीचा नव्हता म्हणून मी गप्प बसलो, असे नाही. तो आपला असता तरी मी बसलोच असतो, आणि हीच मला अधिक लाजेची गोष्ट वाटते. नातवाला त्रास होईल, आपली परिस्थिती बेताची आहे असे लोकांस वाटेल, या दोन भयांनी माझी जीभ बांधली. पुढे जानेवारीत नातू मला विचारू लागला, “आजोबा, माझ्या शेजारी बसायची ती मुलगी आता का येत नाही?” त्यास मी काय सांगितले असेल? मी म्हणालो, ती गावी गेली असेल. ती गावी गेली नव्हती, हे मला ठाऊक होते.

बंधूंनो, म्हणून मी चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, प्रवेश घेण्यापूर्वी संपूर्ण वर्षाच्या सर्व खर्चाची यादी लेखी मागावी: प्रवेश, संच, गणवेश, सहल, संमेलन, वाहन, आणि अनामत केव्हा व कशी परत मिळणार हेही. दुसरी, पावती प्रत्येक बाबीची वेगळी घ्यावी. आयकराची जुनी पद्धत ज्यांनी स्वीकारली आहे, त्यांना शिकवणी शुल्कावर सवलत मिळते. देणगी वा विकास निधीवर मिळत नाही, हे ध्यानात असावे. तिसरी, मंडळाच्या कार्यालयात एक वही व एक कपाट ठेवावे. वहीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलाच्या बालवर्गाचे सांगितलेले शुल्क व प्रत्यक्ष झालेला खर्च लिहावा. कपाटात लहान झालेले गणवेश व वापरून झालेले संच आणून द्यावेत. तीन वर्षांच्या मुलाचा गणवेश फाटत नाही, आखूड होतो. चौथी सूचना सर्वांत स्वस्त व सर्वांत कठीण आहे. सभेत कोणी प्रश्न विचारला, तर दुसऱ्याने उठून “माझाही हाच प्रश्न आहे” एवढे म्हणावे. विचारणारा कोणत्या ज्ञातीचा आहे, हे पाहू नये.

शेवटी एक सांगून आपली रजा घेतो. मार्च महिन्यात माझ्या जुन्या शाळेत एका कार्यक्रमास गेलो असता तेथील बालवाडीत ती मुलगी मला दिसली. जमिनीवर बसून बाटल्यांची झाकणे रंगाप्रमाणे निवडीत होती. मला ओळखून तिने नातवाची चौकशी केली. शाळा सुटताना तिला न्यावयास तिचे वडील आले. त्यांना मी नमस्कार केला व म्हणालो, “त्या दिवशी मी तुमच्यामागे उभे राहावयास हवे होते.” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “राहू द्या गुरुजी. पोरगी इथे खूश आहे.” त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही.

माझी खर्चाची वही मी आज कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे. पहिले पान भरलेले आहे. पुढली पाने आपण भरावीत, एवढीच विनंती.