नानांची जीप आणि चार रविवार

आज विषय ग्रीसचा आहे. इअरफोन लावून एसटीत बसला असाल तर मजेत ऐका. आणि तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूने 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल, तर जरा जास्त कान देऊन ऐका.

आमच्या घोटीच्या घरी एक जुनी महिंद्रा जीप आहे. माझे वडील, म्हणजे नाना, ती घोटी ते बारी लाइनीवर चालवायचे. कळसूबाईला निघालेले ट्रेकर, बाजाराला आलेली माणसं, तांदळाची पोती, जे मिळेल ते. माझ्या बीटेकची फी त्यातूनच गेली. मागच्या उन्हाळ्यात ही जीप चाळीसच्या वर गेली की रडायला लागली. ॲक्सिलेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. गॅरेजवाले म्हणाले, "क्राऊन-पिनियन गेलंय, भंगारातलं अख्खं हाउसिंग टाका." भंगारवाला तर दारात येऊन जीपचाच आकडा सांगून गेला. नाना म्हणाले, "पावसाच्या आधी देऊन टाकू." मी त्यांच्याकडून चार रविवार मागून घेतले.

डिफरन्शियल म्हणजे काय, ते आधी दोन मिनिटांत सांगतो. चौकात लेझीमची रांग वळताना बघितलीय? आतल्या टोकाचा जागेवर पाय आपटतो, बाहेरच्या टोकाचा पळत असतो. वळणावर गाडीच्या चाकांचं तेच होतं. बैलगाडीला याची अडचण नाही, तिची चाकं आपापली मोकळी फिरतात. घोटी स्टेशनातून जाणाऱ्या रेल्वेची दोन्ही चाकं तर एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. पण त्यांची कड किंचित निमुळती असते, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं. मोटारीत मात्र इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना द्यायची आणि त्यांना वेगवेगळं फिरूही द्यायचं. हे कोडं 1820 च्या दशकात ओनेसिफोर पेक्वर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी सोडवलं. घड्याळजी! म्हणजे त्याचंही काम सुटीच्या दिवशी चाललं असेल असं मला आपलं वाटतं.

हिशोब सोपा आहे. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी क्राऊनच्या फेऱ्यांइतकी. म्हणून एक चाक भातखाचराच्या चिखलात गेलं की ते दुप्पट गरगरतं आणि कोरड्यावरचं ढिम्म उभं राहतं.

पहिला रविवार. गाडी उचलून घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली जायचं नाही, हे मी दोनदा सांगणार आहे. मागचं झाकण उघडलं आणि तेलाच्या जागी चहा बाहेर आला. अगदी दूध घातलेला. आत पाणी होतं.

पाणी गेलं कुठून? ॲक्सलच्या हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, आतल्या हवेला ये-जा करायला. आमचा चिखलाने बुजला होता. चालून चालून हाउसिंग तापतं, मग गाडी ओढ्यात उतरली की ते एकदम थंड होतं, आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती ऑइल सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. इगतपुरी तालुक्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूपायी पिनियनचं बेअरिंग गंजलं, पिनियन हलायला लागलं आणि दातांनी दात खाल्ले.

त्याच दिवशी मी एक गाढवपणा केला. क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर टोप्या असतात. त्या हाउसिंगबरोबरच मशीनिंग केलेल्या असतात, डावी उजवीकडे चालत नाही, उलटी तर नाहीच. मी खूण न करता दोन्ही एकाच घमेल्यात टाकल्या. रात्री मॅन्युअल वाचताना हे कळलं आणि पोटात गोळा आला. सकाळी नानांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. टॉर्च आणली, चिंधीने टोप्या पुसल्या. एकीवर पंचचा एक ठिपका, दुसरीवर दोन. हाउसिंगवरही तेच. मी शाळेत असताना त्यांनी हे एकदा उघडलं होतं. मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, नाना फक्त चालवतात.

दुसरा रविवार दुकानात गेला. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली. दोन्हींवर एकच नंबर बघून घ्यायचा. माझ्या हातात जी जोडी ठेवली तिचा नंबर जुळत होता. तरी दात मोजले. क्राऊनला 39, पिनियनला 8. माझ्या जुन्या क्राऊनला 43 होते. म्हणजे 5.375 च्या जागी 4.875. नुसत्या मागच्या चाकांवर गाडी चालली असती. पण पुढचा ॲक्सल जुन्याच हिशोबाचा होता, फोर व्हील टाकला की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडली असती आणि मधला ट्रान्सफर केस मेला असता. हुज्जत घालून बदलून घेतली. दात मोजायला दोन मिनिटं लागतात, लाजू नका.

आता खरं काम. पिनियन क्राऊनमध्ये किती खोल बसतं, ते पातळ पत्र्याच्या शिमांवर ठरतं. आमचा ॲक्सल डॅना 44 च्या घराण्यातला. यात खोलीची शिम बेअरिंगच्या बाहेरच्या कपामागे असते. म्हणजे शिम बदलायची तर कप ठोकून बाहेर काढा. क्राऊनच्या बाजूच्या शिमा बेअरिंगखाली, म्हणजे दर वेळी बेअरिंग पुलरने ओढा. नवं बेअरिंग चार वेळा ओढलं तर ते खराब होणार. म्हणून जुन्या बेअरिंगची आतली रिंग एमरीने घासून सैल करायची, हाताने निघेल-बसेल इतकी. सगळी जुळणी त्यावर. शेवटी नवी बेअरिंग लेथवाल्याकडे प्रेसवर चढवायची आणि परत मोजायचं.

कोडमध्ये एक ओळ बदलली की दोन सेकंदांत रन होतं. इथे एका शिमेला तीन तास. आणि अनडू नाही.

दात नीट जुळलेत का, ते रंग लावून बघतात. माझ्याकडे मार्किंगची निळी नव्हती. नाना म्हणाले, "शेंदूर आण." मारुतीला लावतात तोच, तेलात कालवून. तो शिशाचा असतो, तेव्हा हातमोजे घाला, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका. चार-पाच दातांवर शेंदूर लावला, क्राऊन थोडा अडवून धरत पिनियन फिरवलं. शेंदूर दाताच्या वरच्या कडेला पुसला गेला. याचा अर्थ पिनियन लांब आहे, जाड शिम टाका. टाकली. आता ठसा पार मुळाशी. परत काढा. तिसऱ्या वेळी ठसा दाताच्या मध्यावर आला, छान लांबट, भाताच्या दाण्यासारखा.

मग बॅकलॅश, म्हणजे दातांमधली सूट. डायल गेजवर 6 ते 10 थाऊ हवी होती. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माझी आली 16. एका बाजूची शिम काढून दुसऱ्या बाजूला घातली, एकूण जाडी तीच ठेवली, क्राऊन पिनियनकडे सरकला. मग आली 4. शेवटी 8 वर थांबलो. नवी बेअरिंग चढवल्यावर 9 दाखवलं. चालतं.

चौथ्या रविवारी नवा ब्रीदर, नवी सीलं, गिअर ऑइल. या दातांवर घसरणीचा दाब फार असतो, त्याला जीएल-5 लिहिलेलंच लागतं, इंजिन ऑइल ओतू नका. नाना स्टिअरिंगवर, मी मागे, कान पत्र्याला. भंडारदरा रोडने गेलो. दहा किलोमीटरवर थांबून हाउसिंगला हात लावला. गरम होतं, पण हात टिकत होता.

खरं सांगतो, पन्नासच्या पुढे ॲक्सिलेटर सोडला की एक बारीक गुणगुण अजून आहे. नाना म्हणतात, टायरची आहे. मला नाही वाटत. पाचशे किलोमीटर झाले की तेल काढून लोहचुंबक फिरवायचं ठरवलंय. काल आईचा फोन आला होता, नाना चार ट्रेकर घेऊन सकाळीच बारीला गेले म्हणाली. मी विचारलं, किलोमीटर किती झाले. तर म्हणते, "ते मला काय विचारतोस, आल्यावर त्यांनाच विचार."