नोंदीचा ऊस आणि सभासदाचे मत

संस्थेत लोकशाही आहे की नाही, हे आपण बहुधा निवडणुकीवरून ठरवतो. सहकारी साखर कारखाना या कसोटीला सहज उतरतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. अशा कारखान्यांमागचे सहकाराचे तत्त्व असे, की शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. हा पोटनियमांत लिहिलेला करार. पण सभासद आणखी एका, बिनसहीच्या कराराने बांधलेला असतो: नोंदीच्या क्रमाने तोड येईल, काटा खरा असेल, वार्षिक सभेत प्रश्नाला उत्तर मिळेल. माझे म्हणणे असे, की पहिला करार या दुसऱ्यावर उभा असतो. पक्व ऊस थांबत नाही. तोड लांबली की तुरा येतो, वजन घटते. म्हणून तोडीचा कार्यक्रम ज्याच्या हाती, त्याच्या हाती सभासदाचे वर्षाचे उत्पन्न. विरोधात बोललो तर आपली तोड मागे पडेल, एवढी शंका मनात आली तरी पुरे. मतदान गुप्त असेल, पण सभेत हात वर होत नाही. मग कोणाचाही ऊस प्रत्यक्षात अडवलेला नसो, सभा मुकी झालेलीच असते.

कोणी म्हणेल, कायदा कडक करा. कायदा आहेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत उसाचे पैसे न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज ठरवले आहे. पण ते मागायला सभासदाने पुढे यावे लागते, आणि ते बळ त्याला विश्वासातूनच मिळते. धंद्यात निर्णय झटपट हवेत, हा आक्षेप रोजच्या कारभारापुरता मला मान्य आहे. मात्र तोडीचा क्रम गावच्या फलकावर लावल्याने गाळप मंदावत नाही.

बिनसहीच्या कराराचा हाच विचार नीट पुढे नेला तर तो फडात जातो. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारे ऊसतोड कामगार कारखान्याचे सभासद नसतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची. त्यांच्या कष्टावर गाळप चालते, पण त्यांना मत नाही, आणि बाईच्या मजुरीचा तर वेगळा हिशेबच नसतो. सभासदांची लोकशाही मला मोलाची वाटते. म्हणूनच येत्या वार्षिक सभांनी कोयत्यातल्या बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर नोंदवण्याचा ठराव करावा, अशी माझी मागणी आहे.